सव्वीस दिवसांचा समुद्र

पुण्यात बसून मी जहाजांच्या केसेस करते, असं सांगितलं की लोक एकदा माझ्याकडे बघतात आणि एकदा खिडकीबाहेर. कोथरूडला आमच्या ऑफिसखाली झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "म्हणजे मुठेत काही बुडालंय का?"

"काका, बुडायला पाणी लागतं," मी म्हटलं. तेव्हापासून ते माझ्या प्रती आधी काढून देतात.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आपणहून सांगते, कुणी विचारायची वाट बघत नाही. बाबा विदर्भातून पुण्यात आले ते लेथ मशीनसमोर उभं राहायला, आणि निवृत्त होईपर्यंत उभेच राहिले. विश्रांतवाडीत दोन खोल्या. बारावी, बी.ए., कायदा, सगळा अभ्यास विहारामागच्या अभ्यासिकेत केला. सनद मिळाली तेव्हा बाबा आधी मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि मग ती हातात घेतली. समुद्र मी तोवर एकदाच बघितला होता, कॉलेजच्या सहलीत, गुडघाभर.

आमचे सर मुंबईत वर्षानुवर्षं जहाजांचीच वकिली करून पुण्यात परतलेले. हल्ली निम्मं कामकाज कॅमेऱ्यावर चालतं, त्यामुळे कोथरूडमधून ते जमतं. सर सगळ्यांना "अहो" म्हणतात. त्यांचा "अहो" जरा लांबला की आपलं काहीतरी चुकलेलं असतं.

या कायद्यातली एक गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. जहाजातून तेल सांडलं आणि किनारा खराब झाला, तर चूक कुणाची हे सिद्ध करत बसावं लागत नाही. कप्तान झोपला होता का, इंजिन जुनं होतं का, वादळ होतं का, काही नाही. तेल तुमच्या जहाजातलं ना? मग जबाबदार मालक. मालकाने आधीच विमा काढलेला असावा लागतो, आणि मालक परदेशात कुठे सापडत नसेल तर थेट विमा कंपनीला धरता येतं. इतकं सरळ मी कॉलेजात दुसरं काही वाचलं नव्हतं. भाडेकरूंच्या कायद्यात तर माणूस म्हातारा होतो.

पण त्या सरळपणाला दोन गाठी आहेत. जहाज जेवढं मोठं तेवढी जबाबदारी, त्याच्या वर नाही. ती सगळ्या दावेदारांत वाटली जाते. आणि दावा तीन वर्षांच्या आत करायचा. शिवाय, जहाजाची चूक दाखवावी लागत नसली तरी आपलं नुकसान आपल्यालाच दाखवावं लागतं. कागदावर.

कोकणातल्या एका गावासमोर एक मालवाहू जहाज खडकावर चढलं आणि त्याची इंधनाची टाकी फुटली, तेव्हा ही केस आमच्याकडे आली. बोटवाल्यांचे दावे सोपे होते. बोटीचा परवाना होता, डिझेलची नोंद होती, सोसायटीच्या पावत्या होत्या. त्यांच्या फायली मी आठवड्याभरात लावल्या. मग सोसायटीच्या सेक्रेटरीने फोनवर सहज सांगितलं की ओहोटीला खडकावर कालवं काढणाऱ्या बायकाही आहेत, त्यांचंही बंद पडलंय, पण त्यांचं काय, त्यांच्याकडे कागदच नाही.

कालवं म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे शिंपले. लोखंडी टोच्याने तिथल्या तिथे फोडायचे, आतलं मांस डब्यात टाकायचं आणि बाजारात न्यायचं. तेल आल्यावर त्या मांसाला रॉकेलसारखा वास येऊ लागला आणि कुणी घेईना.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, परवाना नाही, पावती नाही, बोट नाही. लावणार काय?"

"माझ्या आईने बारा वर्षं लोकांची धुणीभांडी केली सर. तिच्याकडेही पावती नव्हती. म्हणजे ती काय घरी बसली होती?"

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "करा. पण वकीलपत्र तुमच्या नावाने. मी यात नाही."

माझ्या एकटीच्या नावाचं ते पहिलं वकीलपत्र. एकतीस बायका. परतीच्या बसमध्ये मी तो कागद तीनदा पिशवीतून काढून बघितला. शेजारच्या बाईने विचारलं, "रिझल्ट आहे का?"

गावात मी दोन दिवस होते. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. समोर समुद्र होता, आणि वाळूत अजूनही काळे गोळे सापडत होते, उन्हाने मऊ झालेले. चपलेला लागले की निघत नसत. बायकांत एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या, हातावर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा. बाकीच्या त्यांच्याकडे बघून बोलायच्या. म्हणून मी आधी त्यांचाच फॉर्म घेतला.

फॉर्म विमा कंपनीने ठरवलेला होता, शपथेवर भरून द्यायचा. त्यात रकाने होते. महिन्यातले कामाचे दिवस. दिवसाला मिळणारा माल.

"मावशी, महिन्यात किती दिवस जाता खडकावर?"

"पानी जाईल तवा."

"हो, पण दिवस किती?"

"पानी किती जातंय तेच्यावर हाय ना, बाय. उधानाला जायाचा. भांगाला खडक दिसतंय कुठं?"

"बरं. मिळतं किती?"

"एका उधानाला सा डबं. हात चालला तर सात."

"एका उधाणाला सहा डबे," मी वहीत लिहिलं. "आणि महिन्यात उधाणं किती?"

"दोन. अमाशेचा नि पुनवेचा. तुला ठाव नाय?" बायका हसल्या.

मीही हसले. दोन उधाणं, सहा सहा डबे, म्हणजे महिन्याला बारा. ते मला कळलं. पण रकान्यात दिवस हवे होते. मी पुन्हा विचारलं, "पण कामाला रोजच असता ना तुम्ही?"

"कामाला रोजच हाव की," मावशी म्हणाल्या आणि मागे वळून कुणाला तरी काहीतरी बोलल्या. परत सगळ्या हसल्या.

मी सव्वीस लिहिलं.

त्या क्षणी मला काही खटकलंसुद्धा नाही. आमच्या घरात महिना सव्वीस दिवसांचाच होता. बाबांच्या कारखान्याच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. चार गुरुवार गेले की उरतात सव्वीस. पगार सव्वीसवर, खाडा सव्वीसातून, ओव्हरटाइम सव्वीसच्या वर. कामाचे दिवस किती, असं कुणी विचारलं की माझा हात आपोआप सव्वीस लिहितो. मग बाराला सव्वीसने भागलं आणि पुढच्या रकान्यात लिहिलं, रोज साधारण अर्धा डबा. एकदा जमल्यावर बाकीचे तीस फॉर्म भराभर झाले. प्रत्येकाच्या तळाशी छापील ओळ होती, की मजकूर वाचून व समजावून सांगितला. तिच्याखाली माझी सही. वाचून मी खरंच दाखवलं होतं. मला समजतो त्या मराठीत, मला जमतो त्या वेगाने.

निघताना मावशींनी माझ्या पिशवीत सुके बोंबील कोंबले. कात्रजच्या बोगद्यापर्यंत अख्खी एसटी माझ्याकडे बघत होती.

दावे मुदतीत दाखल झाले. मग कोर्टाने सगळ्यांचे दावे तपासायला एक निवृत्त न्यायाधीश नेमले आणि त्यांच्या बैठका पुण्यात होऊ लागल्या. त्याआधी मिटवामिटवीची एक बैठक सरांच्या केबिनमध्ये ठरली. विमा कंपनीतर्फे त्यांचे सल्लागार आले, निवृत्त कॅप्टन. राहायला कोथरूडमध्येच, दोन गल्ल्या पलीकडे. चालत आले, चहा नको म्हणाले आणि माझे एकतीस फॉर्म टेबलावर ठेवले. शेजारी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक.

"ताई, हे आपण भरलेत?"

"हो."

"अक्षर सुंदर आहे." त्यांनी सव्वीसवर बोट ठेवलं. "या बायका अष्टमीला खडकावर गेल्या. नवमीला गेल्या. दशमीलाही गेल्या. त्या दिवसांत तिथलं पाणी उतरतं ते जेमतेम. कालवांचा खडक बुडालेलाच असतो. म्हणजे या बायका पोहत गेल्या असणार, बुडी मारून शिंपले फोडले असणार आणि डबा डोक्यावर धरून परत आल्या असणार. मी उभा जन्म समुद्रावर काढला, मला नाही जमणार."

कुणी हसलं नाही.

"आणि रोज अर्धा डबा," ते म्हणाले. "न चुकता. उधाण असो, भांग असो, अर्धा. समुद्र आहे की दुधाचा रतीब?"

सर म्हणाले, "कॅप्टन, मुद्दा कळला."

"मुद्दा अजून मांडलाच नाही. एकतीस जणींनी शपथेवर खोटं लिहून दिलंय. आम्ही अख्ख्या गटाचा दावा फेटाळायची मागणी करतोय." उठताना ते माझ्याकडे वळले. आवाजात आता टोमणा नव्हता. "ताई, नुकसान झालं असेलच. मी किनारा पाहिलाय. पण हे असं चालत नाही हो."

ते गेले. मी वेळापत्रक ओढून घेतलं. उधाण एका दिवसाचं नव्हतंच; अमावास्या-पौर्णिमेपासून पंचमीपर्यंत सहा दिवस खडक उघडा पडतो, आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी फारसं उतरतच नाही. उधाण आणि भांग हे शब्द माझ्याच वहीत होते, माझ्याच अक्षरात. मावशींनी मला सगळं सांगितलं होतं. महिन्याला बारा डबे हे खरंच होतं. ते बारा दिवसांत मिळत होते, दिवसाला एक. मी ते सव्वीस दिवसांवर पसरून खोटं करून ठेवलं होतं.

आणि तीन वर्षं संपून गेली होती. दावा फेटाळला गेला तर नव्याने करता येणार नव्हता.

सरांनी दार लावलं. "दुरुस्ती मागू," ते म्हणाले. "बायकांची नवी प्रतिज्ञापत्रं घ्या. आम्ही अशिक्षित आहोत, प्रश्न समजला नाही, चुकून दिवस जास्त सांगितले. न्यायाधीश साहेब ऐकतील. अशा बाबतीत ऐकतात."

"पण त्यांनी बरोबर सांगितलं होतं."

"हे कोण सांगणार?"

"माझी वही."

"अहो…" सरांचा अहो चांगलाच लांबला. "वही बोलत नाही. वही दाखवायची तर तुम्हाला साक्षीला उभं राहावं लागेल. आणि साक्षीदार झालात की त्या केसमध्ये वकील राहता येणार नाही. वकीलपत्र सोडावं लागेल. उलटतपासणीत ते तुम्हाला सोलतील. आणि आपल्या ऑफिसचं नाव, ते वेगळंच. एकतीस बायकांनी 'चुकलं' म्हटलं तर कुणाचं काही जात नाही."

मी पिशवी उचलून खाली आले. संध्याकाळचे पाचही वाजले नव्हते. बस आली, चढले, दोन स्टॉपनंतर उतरले. पुढचा स्टॉप चालत गेले. दुसरी बस सोडली, का सोडली माहीत नाही. फोन काढून मावशींचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. सरांचं चूक नव्हतं. कोर्टात रोज असंच चालतं. अशिक्षित म्हटलं की समोरचा मऊ होतो. तो एक शब्द टाकला की दावा वाचला असता, वकीलपत्र राहिलं असतं, मी राहिले असते.

तोच एक शब्द आमच्या दाखल्यांवर, फॉर्मांवर, बँकेत, दवाखान्यात बाबांच्या नावापुढे मी इतक्या वेळा ऐकलाय. तो पुसायला तर मी शिकले. आता तोच मी एकतीस जणींना चिकटवणार होते, आणि तोही खोटा. सह्या करता न येणाऱ्या त्यांच्यात चौघीच होत्या.

घरी बाबा दारात बसून लसूण सोलत होते. निवृत्त झाल्यापासून लसूण त्यांच्याकडे आहे. मी चपलाही न काढता विचारलं, "बाबा, महिना किती दिवसांचा?"

"सव्वीसचा," ते वर न बघता म्हणाले. मग वर बघितलं. "काऊन? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. त्यांना उधाण कळायला थोडा वेळ लागला. म्हणून मी पाणी उतरतं ते हाताने दाखवलं. ऐकून ते म्हणाले, "तू त्यायले इचारलं नाई का?"

"विचारलं होतं."

"मंग? त्या खोटं बोलल्या?"

"नाही. बरोबर बोलल्या."

"मंग चुकलं कुठं?"

बाबांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली.

"आमच्या इथं इंजिनेर येत," ते म्हणाले. "मशीन बिघडलं की मले इचारत, काय होते हिला? म्या सांगावं, असा असा आवाज येते. त्यायनं हो हो म्हनावं अन् पुस्तकातलं लिहावं. मंग मशीन पुन्हा बंद. अन् कागदावर काय येई? ऑपरेटरची चूक."

"बाबा, मी इंजिनिअर नाही."

"हाव ना. तू वकील हायेस. तुले तर बोलाचेच पैसे भेटतात." ते हसले, मग गंभीर झाले. "वकीलपत्र गेलं तर नोकरी जाते का?"

"नोकरी नाही जात. केस जाते. माझी पहिली केस."

"बरं," बाबा म्हणाले. पुढे काहीच बोलले नाहीत. मला वाटलं होतं बोलतील. सांगतील की कर, किंवा नको करू. ते लसूण सोलत राहिले. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवर जाऊन मी मावशींना फोन लावला. आधी बोंबील संपले का, हे त्यांनी विचारलं. मग मी सांगितलं. सव्वीस कसे लिहिले, कॅप्टन काय म्हणाले, सर काय म्हणाले.

"सव्वीस?" मावशी म्हणाल्या. "बाय, तुमच्या पुन्यात पानी रोज उतरतं काय?"

"माझी चूक झाली मावशी."

"ते कललं. मंग आता?"

"दोन रस्ते आहेत. एक, तुम्ही सगळ्या लिहून द्यायचं की आम्हाला प्रश्न कळला नाही, आमचं चुकलं."

"आमचा काय चुकला?"

"काही नाही."

"मंग कशाला लिवायचा? मी जलमल्यापास्नं त्या खडकावर जातंय. उद्या त्यो कोरटातला मानूस म्हनंल, हिला उधान कलत नाय. गावात तोंड दाखवू काय?"

मी त्यांना दुसरा रस्ता सांगितला. मी उभी राहीन, वही दाखवीन.

"म्हंजे तू आमची वकील नाय ऱ्हानार?"

"नाही. सर राहतील."

"त्यो सर इचारून लिवतो काय आपल्याच मनाचा?"

"विचारून लिहितील. मी सांगते त्यांना."

"सांग," मावशी म्हणाल्या. "आनि तूबी जरा ऐकत जा." फोन ठेवला त्यांनी. रागावल्या होत्या की नाही ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी खाली गेले आणि सरांच्या टेबलावर वकीलपत्र सोडल्याचा अर्ज ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "एक स्वल्पविराम कमी आहे," म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या पेनाने तो घातला, आणि कालवांची फाईल आपल्या बाजूला ओढून घेतली. त्यातली वेगवेगळ्या रंगांची खुणेची पानं मी लावलेली होती.

सुनावणीपर्यंतचे तीन आठवडे माझं कशातच लक्ष लागलं नाही. ऑफिसात मी उठून पाणी प्यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक घेतलं होतं, ते उघडायचे. आज द्वितीया, आता तिथे पाणी उतरत असेल. विश्रांतवाडीच्या स्टॉपवर उभं राहून हे बघण्यात काही अर्थ नव्हता. तरी बघायचे. फाईलविषयी सरांना काही विचारायची सोय नव्हती. साक्षीदाराने विचारायचं नसतं.

सुनावणी शिवाजीनगरला एका हॉलमध्ये होती. मावशी आणखी दोघींना घेऊन आल्या होत्या. आधी मावशींची साक्ष. मी पुढची साक्षीदार, म्हणून मला बाहेर थांबायला सांगितलं. शिपायाने बाक दाखवला. मी बसले नाही. दार लाकडी, जाड. आतून मावशींचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मध्येच सगळे हसल्यासारखं झालं. कुणाला हसले? मी दाराजवळ गेले तर शिपाई म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर वकील ना? तुम्हाला माहीत नाही?"

अर्ध्या तासाने मावशी पदर सारखा करत बाहेर आल्या.

"काय झालं? हसले का सगळे?"

"तो तुजा कप्तान. मी सायबांना बोलले, मला काय इचारताव, हेला इचारा. आज तीथ कुटली, नि आमच्या खडकावर पानी कवा उतरंल? तेनं घड्याल न बघता सांगितलान. बरोबर सांगितलान!" मावशी खूश होत्या. "मी बोलले, बगा सायेब, हेला ठाव हाय, मला ठाव हाय. न ठाव असनारी बाहेर हुबी हाय."

मला हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

विमा कंपनीच्या वकीलबाई माझ्याच वयाच्या असतील. शांत बोलायच्या. वही त्यांनी हातात घेतली, पानं मागेपुढे केली, शाई एकच आहे का ते बघितलं.

"'एका उधाणाला सहा डबे' हे तुम्ही त्याच दिवशी लिहिलं?"

"हो. त्यांच्यासमोर."

"आणि तरी त्याच दिवशी फॉर्ममध्ये सव्वीस दिवस?"

"हो."

"म्हणजे खरं काय ते माहीत असून तुम्ही खोटं लिहिलं."

"माहीत नव्हतं. ऐकलं होतं."

"फरक सांगाल?"

"उधाण म्हणजे काय हे मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला कळलंय असं दाखवलं. आमच्या घरी महिना सव्वीस दिवसांचा असतो, तो मी लिहिला."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. वकीलबाई थांबल्या नाहीत. "तुम्ही कायद्याच्या पदवीधर आहात ना?"

"हो. घरातली पहिली." हे कुणी विचारलं नव्हतं. पण निघालं तोंडून.

"आणि फॉर्मखाली सही केलीत, की मजकूर वाचून समजावून सांगितला."

"वाचून दाखवला. समजावला नाही. ती सही चुकीची आहे."

सर समोर बसले होते, कागदात बघत. कॅप्टन खिडकीकडे बघत होते. वकीलबाईंनी वही मिटली. "आणखी प्रश्न नाहीत."

मला मागच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग सर उठले. पाच मिनिटं बोलले, एकही शब्द जास्त नाही. अशिक्षित हा शब्द त्यांनी वापरला नाही. मी त्याचीच वाट बघत होते, तो आला असता तर मी तिथेच काहीतरी बोलून बसले असते. ते म्हणाले, या बायका तिथीने काम करतात, फॉर्म तारखेने मागतो. सांगणाऱ्यांनी पहिल्या दिवशी बरोबर सांगितलं याची नोंद आहे. दोष भरणारीचा, आणि तिने तो शपथेवर मान्य केला आहे. भरणारी. मी.

न्यायाधीशांनी कॅप्टनना विचारलं, दिवस बारा धरले आणि दिवसाला एक डबा धरला, तर ते त्या खडकावर शक्य आहे का. कॅप्टनांनी वेळापत्रकात बघितलं. विमा कंपनी त्यांना पैसे देत होती. "शक्य आहे," ते म्हणाले. "अमावास्या-पौर्णिमेपासून पंचमीपर्यंत शक्य आहे."

मग न्यायाधीश सावकाश सांगू लागले आणि टायपिस्ट टाइप करू लागला. गटाचा दावा फेटाळण्याची विनंती नामंजूर. कामाचे दिवस वहीप्रमाणे दुरुस्त करावेत. दावेदारांनी खोटी शपथ घेतली असं दिसत नाही. नुकसानभरपाई किती, ते इतर सर्व दाव्यांबरोबर ठरेल. प्रतिज्ञापत्र घेताना निष्काळजीपणा झाला, याची नोंद घेण्यात येत आहे.

म्हणजे दावा राहिला. हाती काय पडेल ते कळायला अजून महिने होते, कदाचित वर्ष. पण एकतीसही जणी यादीत राहिल्या. मावशींनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या, म्हणजे काय झालं ते सांग.

आदेश संपला की वकिलाने उठून न्यायाधीशांचे आभार मानायचे असतात. इतक्या वर्षांची सवय. मी खुर्चीचा हात धरून अर्धी उठलेही. पुढे सर उभे राहिले आणि म्हणाले, "आभारी आहोत, साहेब."

मी पुन्हा बसले. मावशी अजून माझ्याकडेच बघत होत्या. पुढे वाकून, हळू आवाजात, त्यांना कळेल अशा शब्दांत मी सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबून विचारलं, "कळतंय ना मावशी, मी काय सांगते ते?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "परत सांग."